बाबाची पहाट, लेकीची रात्र

मित्रांनो, मी एक जुना पृथ्वीगोल आहे. पोटात नुसती हवा आणि अंगावर सगळं जग, त्यामुळे थोडी ऐट माझ्या स्वभावातच आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पुठ्ठ्याच्या दोन वाट्या जोडून त्यांवर नकाशाच्या पट्ट्या चिकटवल्या गेल्या. चिकटवणाऱ्या बाईंना त्या दिवशी शिंका येत होत्या, म्हणून माझी एक पट्टी तिरपी बसली आणि एका महासागराला उगाच पायरी पडली. पण बाईंनी मायेने अंगठा फिरवून माझ्या अंगावरचे सगळे फुगे दाबून काढले. ते मी विसरलेलो नाही.

पुढे बरीच वर्षं मी एका शाळेत काढली. भूगोलाचे सर मला वर्गात घेऊन आले की मुलांची झुंबड उडे. मग काही देशांची नावं बदलली, सीमा सरकल्या आणि माझी रवानगी कपाटावर झाली. तिथे कोणीतरी माझ्या डोक्यावर टोपी ठेवून गेलं, ते न्यायला आलंच नाही. मला फार वाईट वाटलं. शाळेने जुनं सामान काढलं तेव्हा न्यायालयातल्या समुपदेशक बाईंनी मला उचललं. वेगळे झालेल्या आईबाबांचं मुलांवरून जमत नसेल, तर त्यांना आधी या बाईंच्या खोलीत पाठवतात.

तिथेच मला भिंगरी भेटली. वय सात. पाय जमिनीवर ठरत नसत, म्हणून घरचे तिला भिंगरीच म्हणत. ती आईकडे राहायची आणि रविवारी बाबाकडे जायची. आता आईला दूरच्या देशात चांगली नोकरी लागली होती आणि लेकीला घेऊन जायचं होतं. बाबाचा ठाम नकार होता.

"हे बघ, वीतभर तर आहे," आई माझ्यावर हात पसरून म्हणाली.

"मध्ये अख्खा समुद्र आहे, तो दिसत नाही का?" बाबा म्हणाला.

समुद्र नेमका तो पायरीवाला. दोघांची बोटं माझ्या अंगावर भांडत होती. मला गुदगुल्या होत होत्या, पण हसायची सोय नव्हती.

बाबा बेकरीवाला. पहाटेच कामाला लागायचं म्हणून तो संध्याकाळीच झोपून जायचा. एकत्र राहत होते तेव्हाही लेकीला झोपवणं त्याला कधी जमलं नव्हतं. "रविवार गेला तर माझ्याकडे उरतं काय?" तो म्हणाला.

भिंगरीच्या डोक्यात मात्र वेगळंच चाललं होतं. "तिकडे मी झोपेन तेव्हा बाबा काय करत असेल?" तिने बाईंना विचारलं.

बाईंनी पडदा ओढला, तिच्या हातात विजेरी दिली. "हा तुझा सूर्य. हलवू नकोस हं." मग त्यांनी मला हळूहळू फिरवलं. भिंगरीचं नवं गाव नुकतंच अंधारात शिरलं, तेव्हा बाबाचं गाव अंधारातून बाहेर पडायच्या बेतात होतं.

"तुझी रात्र, इथली पहाट," बाई म्हणाल्या.

"बाबा, तू तेव्हा पीठ मळत असशील! मग मला गोष्ट सांग ना. फोनवर. रोज!"

बाबा माझ्याकडे बघतच राहिला. "मला गोष्टी कुठे येतात?"

"पावाची सांग," आई हळूच म्हणाली. "दुसरं काही बोलतोस कुठे?" कित्येक महिन्यांनी दोघं एकदम हसली.

त्याने लगेच सगळं सुटलं असं मुळीच नाही. आणखी बैठका झाल्या, आवाजही चढले. शेवटी ठरलं, की भिंगरीने शाळेचं वर्ष इथेच पुरं करून मग आईबरोबर जायचं, दरवर्षी मोठी सुट्टी सगळी बाबाकडे घालवायची, आणि झोपतानाचा फोन बाबाचाच.

परवा बाबा बाईंना गरम पाव द्यायला आला होता. गोष्ट रंगली की भट्टीकडे लक्ष राहत नाही, दोनदा पाव करपले, असं तो मोठ्या अभिमानाने सांगत होता.

"गोष्ट संपेपर्यंत जागी राहते का?" बाईंनी विचारलं.

"छे! अर्ध्यातच झोपते."

"मग ठेवता ना फोन?"

"नाही हो. तिचा श्वास ऐकू येतो. तेवढ्यात माझं पीठ मळून होतं."

मित्रांनो, तुमच्या घरी माझा एखादा भाऊबंद असेल, तर त्याची धूळ पुसा, त्याला जरा फिरवा. आणि तुमचं माणूस लांब राहत असेल, तर मध्ये किती समुद्र आहे ते मोजत बसू नका. तिथे आत्ता किती वाजलेत ते बघा आणि ते जागं असेल तर फोन लावा.