पेरीनाच्या चष्म्याचा नंबर

मंगळवारी बाजार उरकून लोव्रे आणि पेरीना पिशव्यांसकट रोकोच्या चष्म्याच्या दुकानात शिरले. पेरीना सुईने लेस विणायची. साऱ्या पाग बेटावर तिच्या हातचं काम बायका लांबून ओळखत. अलीकडे मात्र तिचे टाके चुकायला लागले होते. रोकोने तिचे डोळे तपासले, नंबर कार्डावर लिहिला आणि कार्ड खणात टाकलं.

रोको त्यांचा कुम होता. लग्नात साक्षीला तोच उभा राहिला होता, मुलीच्या बाप्तिस्म्याला तिला हातात त्यानेच धरलं होतं. बेटावर माणूस सख्ख्या भावाशी भांडतो, कुमशी भांडत नाही.

नवा चष्मा आला. तो लावून पेरीना भिंत धरून चालली.

"जमीन वर आल्यासारखी वाटते," ती म्हणाली.

"होईल सवय," रोको म्हणाला. "माझ्या बायकोला माझी सवय व्हायला वर्ष लागलं."

महिना गेला, तरी जमीन वरच राहिली.

"रोकोकडून नंबरचा कागद मागून आण ना," पेरीना एकदा जेवताना म्हणाली. "झादारला, शहरात दाखवून पडताळून येते. तिकडे मागितला की देतात म्हणे."

"आणि त्याला काय सांगू? तुझ्यावर भरवसा नाही म्हणून?"

"डोळे माझे आहेत, लोव्रे."

"कुम आहे तो. लोक काय म्हणतील?"

शेवटी तिने स्वतःच दुकानात जाऊन मागितला. लोव्रे शेजारीच उभा होता.

"कागद दुकानातच राहतो, पेरीना. सगळ्यांचाच," रोको हसत म्हणाला. "दिला की माणूस झादारची बस धरतो, आणि मी इथे माश्या मारत बसतो."

पेरीनाने नवऱ्याकडे पाहिलं.

"चल, उशीर होतोय," लोव्रे म्हणाला. त्यांना कशालाच उशीर होत नव्हता.

तिने लेस सोडली. 'वय झालं' असं शेजारणींना सांगायला लागली. ते खरं नाही हे लोव्रेला ठाऊक होतं. तो गप्प बसला.

जानेवारीत त्याच्यासाठी वाइन आणायला ती तोच चष्मा लावून तळघरात उतरली आणि शेवटच्या पायरीवरून पडली. खुब्याचं हाड मोडलं, मग न्यूमोनिया झाला. तीन आठवड्यांत ती गेली. चष्म्यामुळे पडली असं डॉक्टर म्हणाले नाहीत. लोव्रेने विचारलंही नाही. विचारलं असतं तर कदाचित उत्तर मिळालं असतं.

मार्चमध्ये पेरीनाची धाकटी बहीण मारा रोकोकडे डोळे तपासायला निघाली. लोव्रे न बोलावता तिच्याबरोबर गेला. दुकानात दोन बायका बसल्या होत्या. रोकोने लोव्रेला मिठी मारली, माराचे डोळे तपासले आणि कार्ड खणात टाकलं. मारा उठली. लोव्रे खुर्चीवरून हलला नाही.

"माराचा कागद दे, रोको."

"कुठला कागद?"

"नंबरचा."

रोकोचा चेहरा पडला. "तू माझ्यावर शंका घेतोस?"

"तुझ्यावर कधी घेतली नाही. बायकोवर घेतली. ती जमीन वर येते म्हणत होती, आणि मला तुझी भीड पडत होती."

"म्हणजे त्या चष्म्यानेच पेरीना...?" रोकोने विचारलं.

"मला माहीत नाही. तुलाही नाही. कागद तिच्या हातात असता तर आणखी कुणीतरी बघितलं असतं."

"चाळीस वर्षांचं नातं, लोव्रे. एका कागदासाठी तोडतोस?"

"मागच्या वेळी नातं सांभाळलं मी."

रोकोने खण उघडला, कार्ड काढलं आणि आकडे दुसऱ्या कागदावर उतरवून माराला दिले. त्याला मिनिटही लागलं नाही.

"माझाही लिहून ठेव हो, रोको," बसलेल्यांपैकी एक बाई म्हणाली. दुसरीने नुसती मान डोलावली.

बाहेर आल्यावर माराने कागद उलटसुलट करून पाहिला. "दिला की हो, भाऊजी. आणि आमची ताई बिचारी..."

"हो," लोव्रे म्हणाला. त्याने दुकानाच्या भिंतीला हात टेकला. "मी मागितला की देतो तो. तेव्हा मी मागितलाच नाही."