बाब चौथी, बाब सातवी

जालन्याच्या आमच्या शाळेच्या व्यवस्थापक मंडळाची सभा महिन्यातून एकदा, दुपारी तीनला, सहावीच्या वर्गात भरायची. त्या दिवशी मुलांना अर्धी सुट्टी, त्यामुळे मंडळाबद्दल मुलांचं मत फार चांगलं होतं. माझं काम रोएदाद लिहिण्याचं, म्हणजे सभेत काय ठरलं ते वहीत उतरवण्याचं. मी गणित शिकवायचो आणि अक्षर बरं होतं, एवढ्या अपराधावर ते माझ्या गळ्यात पडलं होतं. सभेत मला मत नव्हतं. अध्यक्षांनी विचारलं तरच बोलायचं.

शाळेच्या पाच खोल्या आणि ओटा, सगळी जमीन मातीची. आठ वर्षं ती गोजरबाई सारवत होती, एक शुक्रवार आड, म्हणजे निजामाच्या राज्यातल्या सुट्टीच्या दिवशी. तिच्या दोन गाई होत्या, शेण त्यांचंच. बदल्यात शाळेमागच्या चार एकर मैदानातलं गवत ती कापून न्यायची. हे कुणी ठरवलं होतं ते कुणालाच आठवत नव्हतं आणि कागद तर नव्हताच. गवत गाईंना, शेण शाळेला, असं ते बिनबोभाट चाललं होतं.

मग फसली तेराशे शेहेचाळीस साली, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे छत्तीस-सदतीसच्या सुमारास, तपासणीला आलेल्या साहेबांनी शेरा मारला, की शाळेच्या प्रत्येक कामाचा आणि जागेचा लेखी करार असावा. अध्यक्ष काकासाहेबांनी मला विषयांची यादी करायला सांगितली. काकासाहेब शहागडकडचे मोठे शेतकरी, मनाने भले, सभेत डोळे मिटून ऐकणारे. मंडळातले वकील गजाननराव यांनी मला बजावलं, की एका ठरावात दोन गोष्टी घालायच्या नाहीत. काम वेगळं, जमीन वेगळी. मला ते पटलं. मी गोजरबाईचे दोन भाग केले. बाब चौथी, सारवणाचं काम. बाब सातवी, मैदानातल्या गवताचा गुत्ता, म्हणजे मक्ता. यादी फार नीटनेटकी झाली याचा मला तेव्हा अभिमान वाटला, हे कबूल करतो.

सभेत चौथी बाब निघाली. सगळ्यांनी गोजरबाईची तारीफ केली. काम तिच्याकडेच ठेवावं, शेण तिने पदरचं आणावं, पूर्ववत, असं ठरलं. वर महिन्याला थोडा पगारही लावला. एका गाईचा कडबा त्यात आला नसता, पण लावला. मग सातवी बाब. गवताचा गुत्ता हर्रासाने द्यावा, जो जास्त बोलेल त्याला. रेल्वे स्टेशनवरून कापसाच्या गाड्या हाकणारा बद्रीनाथ सगळ्यांत जास्त बोलला. त्याच्याकडे दहा बैल होते.

लिहिता लिहिता माझा हात थांबला. चौथ्या बाबीतलं शेण सातव्या बाबीतल्या गवतातून येत होतं. मी मान वर केली. काकासाहेबांचे डोळे मिटलेले होते आणि वकीलसाहेब आठव्या बाबीवर, खडूच्या खरेदीवर, पोचले होते. मी गप्प बसलो. भित्रा होतो म्हणून, दुसरं काही कारण नव्हतं.

पुढच्या शुक्रवारी मी गोजरबाईला करार वाचून दाखवला. तिने तो शेवटपर्यंत ऐकला आणि गवताचं विचारलं. मी सांगितलं.

"मंग गाई काय खातील, मास्तर?"

पुढच्या सभेत बोलतो म्हणालो. तिने विश्वास ठेवला आणि अंगठा उठवला. पुढच्या सभेत मी बोललो नाही. मंजूर झालेली बाब वर्षभर पुन्हा काढायची नाही असा मंडळाचा नियम होता, आणि मला तो फार सोयीचा वाटला.

दिवाळीच्या सुमारास एक गाय विकली गेली, होळीनंतर दुसरी. दोन्ही बद्रीनाथनेच घेतल्या, भावही बराबर दिला. तो काही वाईट माणूस नव्हता, त्याच्याकडे गवत होतं एवढंच. सारवण मात्र एकदाही चुकलं नाही.

वर्ष भरलं, करार पुन्हा सभेपुढे आले. गजाननरावांनी सांगितलं, की नवी व्यवस्था उत्तम चालली आहे, जमीन पूर्वीसारखीच स्वच्छ आहे आणि शाळेला गुत्त्याचं उत्पन्नही आहे. काकासाहेबांनी डोळे उघडून मला विचारलं, काही तक्रार आहे का. मी उभा राहिलो. सगळं बोललो. गवत गेलं म्हणून गाई गेल्या, आणि हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, हेही बोललो.

वकीलसाहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग अगदी मनापासून विचारलं, "खरंय मास्तर. पण हे चौथ्या बाबीत घ्यायचं, का सातव्या?"

मी वहीतली दोन्ही बाबींची पानं उलटून पाहिली. काकासाहेबांनी हळहळ व्यक्त केली. दोन्ही बाबी मंजूर झाल्या आणि मी तसं लिहिलं.

शुक्रवारी नवा कागद घेऊन गेलो तेव्हा गोजरबाई सहावीचा वर्ग सारवत होती. हात धुऊन आली. शेण आता कुठून आणता, असं मी विचारलं. वर्षभर विचारलं नव्हतं.

"बद्रीनाथच्या गोठ्यातून. पहाटं समदा गोठा झाडून देते, मंग दोन टोपल्या नेऊ देतो." पदराला हात पुसत ती पुढे म्हणाली, "माझ्याच गाईंचं हाय, मास्तर. मला पाहून दोघी उठून उभ्या राह्यतात."

मी शाई पुढे केली. मजकूर गेल्या वर्षीचाच होता: शेण बाईने पदरचं आणावं, पूर्ववत. तिने अंगठा उठवला. मी खाली तारीख घातली. या वेळी तो कागद तिला वाचून दाखवायचा मला धीर झाला नाही.