सहावी पायरी आणि आप्पा

फळांचा रस काढायच्या यंत्राचं झाकण हातात धरून आप्पा वीस मिनिटं स्वयंपाकघरात उभे होते. त्यांची सून शेजारच्या खोलीत फोनवर बोलत होती. बोलणं संपवून ती आली आणि तिनं विचारलं, करून पाहिलंत का? आप्पांनी नकारार्थी मान हलवली. तिनं लिहिलेल्या पुस्तिकेत 'झाकण उचला' असं होतं, ते त्यांनी उचललं होतं. ते खाली कधी ठेवायचं हे काही लिहिलेलं नव्हतं, म्हणून त्यांनी ते ठेवलंही नव्हतं.

ही गोष्ट पंधरा वर्षांपूर्वीची, आणि सूनबाईचा धंदा खऱ्या अर्थानं सुरू झाला तो त्या दिवशी. आप्पा तिला सूनबाई म्हणत, तेव्हा आपणही तेच म्हणू. ती घरबसल्या लिहिण्याची कामं घ्यायची. घरगुती यंत्रांच्या खोक्यात तळाशी एक पुस्तिका असते, जी लोक न वाचता खणात टाकतात आणि यंत्र बंद पडलं की घर डोक्यावर घेऊन शोधतात, ती पुस्तिका कोणीतरी लिहिलेली असते. ती सूनबाई लिहायची.

आप्पांनी अडतीस वर्षं मालगाडी चालवली होती. लिहिलेलं पाळायचं, न लिहिलेलं करायचं नाही आणि सिग्नल मिळाल्याशिवाय हलायचं नाही, एवढ्या भांडवलावर त्यांनी नोकरीही केली आणि संसारही. एकदा एका उजाड माळावर लाल दिव्यासमोर ते अकरा तास गाडी घेऊन थांबले होते. सिग्नल बिघडलाय हे त्यांना तिसऱ्या तासालाच कळलं होतं. पण कळलं म्हणून काय झालं, तसा लेखी कागद हातात यायला हवा, असं ते आजही ठासून सांगत. अशा माणसाबरोबर नांदताना सासूबाईंच्या नाकी नऊ आले असणार. पुस्तिका लिहिणाऱ्या बाईला मात्र असा सासरा म्हणजे घरात सापडलेलं घबाड होतं.

तर घराचा शिरस्ता असा पडला. मसुदा तयार झाला की आप्पा चष्मा पुसून टेबलाशी बसायचे, पुढ्यात यंत्र, हातात कागद. सूनबाई वही घेऊन शेजारी. तिनं मध्ये एक अक्षर बोलायचं नाही. आप्पा जिथे अडतील तिथे पुस्तिका चुकली, त्यात वाद नाही. नवरा बोटीवर नोकरीला, सहा सहा महिने समुद्रावर, त्यामुळे घरात ही दोघंच आणि दर महिन्याला एक नवीन यंत्र.

हे सगळं काम एका कंपनीकडून यायचं. तिथल्या पुस्तिका विभागाच्या मॅडमना या घरात 'तातडीबाई' म्हणत, कारण त्यांचा एकही निरोप या शब्दाशिवाय सुरू झालेला कोणी पाहिला नव्हता. पंधरा वर्षांनी, एका बुधवारी तातडीबाईंचा निरोप आला, आणि मागोमाग यंत्राचं खोकं. कंपनी घरच्या घरी पाव बनवायचं यंत्र बाजारात आणतेय, पुस्तिका शुक्रवारी दुपारी हवी, आणि ती पाहून पुढच्या वर्षाची बारा पुस्तिकांची कामं बाहेर द्यायची की नाहीत ते ठरेल. 'की नाहीत' हे दोन शब्द सूनबाईनं चार वेळा वाचले. कंपनीचं काम गेलं तर मागे उरत होतं ते एका दातांच्या डॉक्टरांचं माहितीपत्रक, तेही वर्षातून एकदा.

पुस्तिकेला तिला एरवी आठवडा लागायचा. इथे दोन दिवस होते. जाहिराती लिहिणाऱ्या एका मैत्रिणीला तिनं फोन लावला, तर मैत्रीण म्हणाली, अगं, तू अजून हातानं लिहितेस? कॉम्प्युटरवरच्या एआयला तुझ्या जुन्या पुस्तिका वाचायला दे, कारखान्याचा तांत्रिक कागद दे आणि सांग की अगदी माझ्यासारखं लिही. मी तर हल्ली फक्त सही करते.

सूनबाईनं आपल्या वीस पुस्तिका त्या एआयच्या पोटात घातल्या. चहाचा कप ओठाला लावून खाली ठेवेपर्यंत पंधरा पायऱ्यांची पुस्तिका पडद्यावर हजर. ती तिनं वाचली. पुन्हा वाचली. वाक्यं छोटी, सूर आपुलकीचा, 'घाई करू नका' हे तिचं लाडकं वाक्यसुद्धा बरोबर जागेवर. कुठे म्हणून बोट ठेवायला जागा नव्हती. इतकं चांगलं आपण लिहितो, हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

आप्पा चष्मा पुसून तयारच होते. कधी बसायचं, त्यांनी विचारलं.

"या वेळी नको आप्पा," ती म्हणाली. "हे तपासूनच आलंय."

आप्पा "बरं" म्हणाले. पुसलेला चष्मा त्यांनी पुन्हा एकदा पुसला आणि त्याच्या घरात घालून ठेवला. सूनबाईला आत कुठेतरी टोचलं, नाही असं नाही. पण हातात अख्खा गुरुवार मोकळा आला होता, तो तिनं झोप काढण्यात आणि केस कापून घेण्यात घालवला.

शुक्रवारी दुपारी ती कंपनीत पोचली. तातडीबाईंची खोली तिसऱ्या मजल्यावर, काचेची. टेबलावर फायलींपेक्षा यंत्रांचे सुटे भाग जास्त. तातडीबाईंनी पुस्तिका चाळली, छान म्हणाल्या, नेहमीसारखीच म्हणाल्या, आणि मग खणातून दुसरी एक पुस्तिका काढून शेजारी ठेवली. ही त्यांनी आज सकाळी स्वतःच एआयकडून लिहून घेतली होती. पंधराच पायऱ्या. छोटी वाक्यं.

"तुम्ही रागावू नका," तातडीबाई म्हणाल्या, "पण दोन्हीत मला फरक दिसत नाही. मग वरच्या साहेबांना मी काय सांगू, बाहेर काम कशासाठी द्यायचं?"

सूनबाईची पाचावर धारण बसली. उत्तर द्यायचं तर खरं काय ते सांगावं लागणार, आणि खरं सांगावं तर स्वतःच्या हातानं स्वतःची बारा कामं बुडवावी लागणार. तेवढ्यात पर्समधला फोन वाजला. आप्पा. तिनं बंद केला. पुन्हा वाजला, पुन्हा बंद केला. आप्पा एरवी फोन करणाऱ्यातले नव्हते. तिसऱ्यांदा वाजल्यावर तातडीबाईच म्हणाल्या की घ्या, काहीतरी तातडीचं असेल. गडबडीत तिचं बोट भलतीकडे पडलं आणि आप्पांचा आवाज खोलीभर झाला.

"सूनबाई, सिग्नल मिळत नाहीये."

ते कुठून बोलताहेत, बरे आहेत ना, तिनं विचारलं. आप्पा स्वयंपाकघरातून बोलत होते आणि ठणठणीत होते. टेबलावर पुस्तिकेची एक प्रत राहिली होती. सूनबाई नको म्हणाली ती घाईमुळेच असणार, असं त्यांनी धरलं आणि दहा वाजता एकटेच यंत्रासमोर बसले. पाच पायऱ्या झकास झाल्या. भांडं बसवलं, पातं लावलं, पाणी, पीठ, यीस्ट, सगळं मापात. 'मळणे' हे बटण दाबलं, यंत्रानं कणीक मळून दिली. मग आली सहावी पायरी. हिरवा दिवा लागल्यावरच 'भाजणे' हे बटण दाबा. घाई करू नका.

"या यंत्राला दिवा एकच आहे, लाल," आप्पा म्हणाले. "तोच सारखा लागलेला आहे."

"कधीपासून बसलायत तुम्ही?"

"दिव्यासमोर साडेदहापासून. मला घाई नाही. पण कणीक फुगून झाकण उचलतीये. थोडी ओट्यावर आलीय. ती आत ढकलायची का, ते लिहिलेलं नाही."

घड्याळात अडीच वाजले होते. सूनबाईनं सहावी पायरी उघडली. हे वाक्य तिचंच होतं. चार वर्षांपूर्वी भाज्या वाफवायच्या यंत्रासाठी लिहिलेलं, अक्षर न अक्षर. त्या यंत्राला हिरवा दिवा होता. एआयनं ते वाक्य तिथून उचलून इथे नीट बसवलं होतं, आणि तिला ते दोनदा वाचूनही खटकलं नव्हतं, कारण आपलंच वाक्य कोणाला खटकतं? आपलेच दात आणि आपलेच ओठ.

तिला लाज वाटली. चुकीची वाटली त्याहून, चार तास लाल दिव्यासमोर बसलेल्या म्हाताऱ्यापायी जास्त वाटली. जेवलेही नसणार, कारण मध्ये जेवा असं पुस्तिकेत कुठे होतं?

"मॅडम," ती म्हणाली, "फरक दिसत नाही, कारण फरक नाहीच. माझी पुस्तिकाही एआयनंच लिहिलीय. मी ती करून पाहिली नाही."

तातडीबाईंनी स्वतःची पुस्तिका उचलली आणि फोनकडे तोंड करून विचारलं, काका, माझी वाचून दाखवू का? आप्पांनी परवानगी दिली, फक्त सावकाश वाचा म्हणाले. तातडीबाईंनी सगळ्या पंधरा पायऱ्या वाचल्या. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी काहीतरी सावकाश केलं असावं.

"चांगली आहे," आप्पा म्हणाले. "पण पातं कोणत्या पायरीला लावलं?"

तातडीबाई मागे गेल्या, पुढे गेल्या. खोक्यात काय काय आहे त्या यादीत पातं होतं, नंतर त्याचं नाव नव्हतं. पुस्तिका बरहुकूम पाळली तर पातं खोक्यात आणि पीठ कोरडं.

"मग राहू दे खोक्यात," आप्पा समजुतीनं म्हणाले.

तातडीबाई हसल्या नाहीत. तक्रार विभागात रोज किती फोन येतात ते त्यांना ठाऊक होतं, आणि त्यांतले निम्मे असेच असतात हेही. त्यांनी दोन्ही पुस्तिका बाजूला सारल्या. नवी पुस्तिका, सोमवारी सकाळी, दहा वाजता, एवढंच म्हणाल्या.

सूनबाई घरी आली तेव्हा आप्पा ओटा पुसत होते. तिनं माफी मागितली. आप्पा म्हणाले, माफी कसली, मसुदा चुकायचाच, म्हणून तर मी आहे. हे त्यांनी इतकं सहज म्हटलं की तिला रडूच आलं, आणि ते लपवायला तिनं आधी त्यांचं ताट वाढलं.

मग दोघं कॉम्प्युटरसमोर बसली. सूनबाईनं एआयला हिरव्या दिव्याचा जाब विचारला. त्यानं लगेच लिहिलं की आपलं अगदी बरोबर आहे, चुकीबद्दल दिलगीर आहे. आप्पांना त्याची नम्रता आवडली. पण ते म्हणाले, "पोरगं हुशार आहे. लाइन बघितलेली नाही त्यानं." नव्या ड्रायव्हरला गाडी देण्याआधी जुन्या ड्रायव्हरबरोबर सगळा मार्ग डोळ्यांखालून घालावा लागतो, चढ कुठे, वळण कुठे, फाटक कुठे. या पोराला कोणी काही दाखवलंच नव्हतं, थेट इंजिनात बसवलं होतं.

हे सूनबाईला पटलं. तिनं जुन्या पुस्तिका त्याच्या समोरून काढून घेतल्या आणि लिहायला सांगायचं बंद केलं. त्याऐवजी सांगितलं, तू असा माणूस आहेस ज्यानं हे यंत्र कधी पाहिलेलं नाही, मला प्रश्न विचार. त्यानं सदतीस विचारले. त्यांतले पंचवीस फालतू होते. बाकीचे बारा मात्र तिला पंधरा वर्षांत सुचले नव्हते. वीज मध्येच गेली तर पहिल्यापासून सुरू करायचं का? पाव निघाला आणि पातं आतच अडकलं तर? एकेक उत्तर आप्पांनी यंत्रावर करून शोधलं, तिनं वहीत लिहिलं, वहीतला पसारा एआयनं ओळीनं लावून दिला, आणि वाक्यं तिनं स्वतः लिहिली. मग आप्पा बसले. अडले. पुन्हा पोराला विचारलं, पुन्हा लिहिलं. एरवी आठवड्यात एक मसुदा व्हायचा, या वेळी रविवार दुपारपर्यंत पाच झाले. पावही पाच झाले. पहिला म्हणजे वीटच होती, दुसरा खालच्या मजल्यावरच्या शिक्षिकेनं आभार मानून परत केला. पाचवा मात्र दोघांनी गरम गरम, उभ्यानंच संपवला.

सोमवारी दहाच्या ठोक्याला सूनबाईनं पुस्तिका दिली आणि ती कशी केली तेही लपवाछपवी न करता सांगितलं. तातडीबाईंनी ऐकून घेतलं आणि कळवते म्हणाल्या. पुढचे चार दिवस आप्पा रोज दोनदा टपालपेटी उघडून येत.

शुक्रवारी पत्र आलं. कागदी, कंपनीच्या शिक्क्याचं. सूनबाईनं उभ्या उभ्या वाचलं आणि आप्पांच्या हातात दिलं. बारा पुस्तिकांचं काम तिलाच होतं. खाली एक अट होती. पुस्तिका लिहिताना कोणतंही साधन वापरावं, कंपनीची हरकत नाही. मात्र आपल्या सासऱ्यांनी प्रत्यक्ष करून पाहिल्याशिवाय एकही पुस्तिका छापली जाणार नाही.

आप्पांनी चष्मा पुसला. पत्र वाचलं. पुन्हा वरपासून वाचलं. मग ते दोन्ही हातांत धरून ते टेबलाशी तसेच उभे राहिले. आता काय करायचं ते पत्रात लिहिलेलं नव्हतं.

खाली ठेवा, असं सूनबाईच्या अगदी ओठावर आलं होतं. तिनं ते म्हटलं नाही. ती चहा टाकायला आत गेली.