चाळिशीचा नंबर

सोसले गावात दर वर्षी डोळ्यांचं शिबिर भरतं. त्यासाठी लोक जुने चष्मे देतात आणि ते भरलेलं खोकं हिनकलच्या चष्म्याच्या दुकानात सुष्माच्या टेबलावर येतं. बावीस वर्षं ती हेच काम करते आहे. आधी नळाखाली धरून धूळ जाऊ द्यायची, मग साबणाचा एक थेंब, बोटांच्या पेरांनी हलकेच चोळायचं. नाकावरच्या पॅडमागचा हिरवा मळ जुन्या टूथब्रशने काढायचा. पाणी टिपायचं, यंत्रावर नंबर बघायचा आणि चिठ्ठी लावायची.

त्या दुपारी एका काळ्या फ्रेमवर तिचा हात थांबला. डाव्या दांडीच्या बिजागरीत पितळी स्क्रू होता, कानशीने घासून बसवलेला. तो तिनेच बसवला होता. फ्रेम भुवनची होती, तिच्या धाकट्या भावाची. अकरा वर्षांपूर्वी कावेरीच्या काठावर त्याच्या चपला सापडल्या होत्या. तो सापडला नाही, चष्माही नाही.

‘कुणाला तरी पाण्यात मिळाला असेल,’ तिने स्वतःला बजावलं आणि भिंगं यंत्राखाली धरली. दूरचा नंबर बराच वाढला होता, पण उजव्या डोळ्याचा तिरपा नंबर, सिलिंडरचा, जसाच्या तसा. तो तिला पाठ होता. भिंगाच्या खालच्या भागात मात्र वाचायचा नंबर होता, सव्वाचा. चाळिशीचा. भुवन गेला तेव्हा तेहतीस वर्षांचा होता.

म्हणजे ही भिंगं तो गेल्यानंतर बसवलेली होती. आणि भिंगांवर एकही ओरखडा नव्हता, याचीच तिला जास्त भीती वाटली.

कारण भुवन चष्मा नेहमी शर्टाच्या टोकाने पुसायचा, कोरडाच. भिंगं ओरखड्यांनी भरलेली असायची. “अरे, आधी पाणी! आणि ही भिंगं बदल, समोरचा लाइट फुटून दिसतो त्यातून,” असं ती कितीदा म्हणाली असेल. एका संध्याकाळी तिचे यजमान मनोहरराव त्याच्या स्कूटरवर मागे बसले होते. समोरून येणारे दिवे त्या ओरखड्यांत फुटले आणि कडेला उभी असलेली लॉरी भुवनला दिसलीच नाही. मनोहरराव जागीच गेले. तेराव्याला सगळ्यांसमोर सुष्मा भावाला म्हणाली होती, “तू दिसलास की मला ते दिसतात. माझ्या नजरेसमोर येऊ नकोस.” महिन्याभरात चपला सापडल्या.

चष्म्याच्या कव्हरवर पेनने लिहिलं होतं : वनजा, येलवाल. खाली घराचा पत्ता. येलवालही हिनकलसारखंच हुन्सूरच्या रस्त्यावर, बसने अर्धा तास. सुष्माने पर्स उचलली आणि बस पकडली.

दार चाळिशीच्या एका बाईने उघडलं. सुष्माने काही विचारायच्या आतच ती कन्नडमध्ये म्हणाली, “या. तुम्ही अक्का ना?”

“तुम्ही मला कसं ओळखता?”

“वर्षातून एकदोनदा आमचे हे मला हिनकलला नेतात. दुकानासमोरच्या बसस्टॉपवर आम्ही उभे राहतो. काचेतून तुम्ही चष्मे धुताना दिसता. ‘ती माझी अक्का,’ म्हणतात, आणि आम्ही परत येतो.”

सुष्मा उंबऱ्यावरच बसली. काम करताना कितीदा तरी तिच्या मानेवर कुणाची नजर टेकल्यासारखी वाटे. वर पाहिलं की स्टॉपवर नेहमीचीच गर्दी.

“कधी गेला तो?” तिने विचारलं.

“सकाळी. नर्सरीत कामाला. येतीलच आता.”

सुष्माने तो वारला कधी, हे विचारलं होतं; शिबिराच्या खोक्यात बहुतेक चष्मे गेलेल्यांचेच असतात. मग वनजाने सांगितलं : दोन महिन्यांपूर्वी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, नंबर उतरला. इतकी वर्षं तो सकाळ-संध्याकाळ नळाखाली चष्मा धुवायचा, पूजेची भांडी धुवावीत तसा, कुणाला हात लावू द्यायचा नाही. दोनचाकीवर मात्र पुन्हा कधी बसला नाही.

“शिबिराला द्यायचा त्यांनीच ठरवलं. नाव लिहू दिलं नाही. मग मी माझं लिहिलं, पत्त्यासकट. बरं केलं ना?”

फाटक वाजलं. आत आलेल्या माणसाचे केस पिकले होते, हातांना माती होती. चष्म्याशिवाय त्याचा चेहरा उघडा पडल्यासारखा दिसत होता. नाकाच्या दोन्ही बाजूंना दोन फिकट खळगे. तो जागीच थबकला.

“अक्का.”

त्याच्या थोबाडीत मारावी की त्याला जवळ घ्यावं, हे सुष्माला कळेना.

“आई आहे?” त्याने विचारलं.

“आहे. दर सर्वपित्रीला तुझं पान वाढते.”

तो हळूहळू पायरीवर बसला. “म्हणजे माझं सगळं करून झालं. मग आता कोण म्हणून येऊ?”

ते ठरायच्या आधीच रविवारी ती त्याला घरी घेऊन गेली.

आईची, भागीरथीबाईंची, ब्याऐंशी सरलेली. खुर्चीतून त्या त्याच्याकडे खूप वेळ बघत राहिल्या. तो पाया पडायला वाकला तसे त्यांनी पाय मागे घेतले.

“कोण हा, सुष्मे? भुवन म्हणे! अय्यो, माझ्या भुवनला चष्म्याशिवाय समोरचं ताट दिसत नाही. हा दुसराच कुणी.”

सुष्माने पर्समधून चष्मा काढून त्याच्या हातात दिला. त्याने तो घातला. म्हातारी आपली आपण उठली, त्याची हनुवटी धरून म्हणाली, “कुठे होतास रे इतके दिवस? ऊट झालं का? जेवलास का?”

“जेवलो, आई,” तो म्हणाला. पण बघत होता तिच्या खांद्यापलीकडे. नंबर उतरलेल्या डोळ्यांना त्या जाड भिंगांतून समोर एक पांढुरका ठिपका तेवढा दिसत होता, आणि त्या ठिपक्याकडे बघून तो हसत होता.

तेव्हापासून तो दर रविवारी येतो. फाटकापाशी चष्मा चढवतो, भिंत चाचपत आत येतो, आईपाशी तासभर बसतो. जाताना त्याचं डोकं ठणकत असतं.

त्याच फ्रेममध्ये बिननंबरी भिंगं बसवायची म्हणजे अर्ध्या तासाचं काम. सुष्माने ती कापून ठेवली आहेत, दुकानातल्या तिच्या खणात, कागदात गुंडाळून. पण ती बसवली की त्याला भिंतीवरचा मनोहररावांचा फोटो दिसेल, आणि त्याखाली बसलेली ती दिसेल. दर शनिवारी ती पुडी हातात घेते आणि परत ठेवते. त्यानेही अजून ती मागितलेली नाही.