पाटीवरचा डॉक्टर

मी एक जुनी पत्र्याची पाटी आहे. महाळुंग्यात कंपन्यांकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून जयसिंगरावांची लांबलचक इमारत आहे, तिच्या फाटकावर मी असते. मित्रांनो, पाट्यांना राग येत नाही असे तुम्हाला वाटत असेल. मला येतो.

माझा जन्म चाकणच्या एका वेल्डिंगच्या दुकानात झाला. धोंडीबा पेंटरने माझ्यावर पहिल्यांदा लिहिले, 'कामगारांसाठी खोल्या भाड्याने मिळतील'. लातूर-बीडकडची पोरे खांद्यावर पिशव्या घेऊन मला वाचत आणि आत त्यांना खरोखर खोली मिळे. तेव्हा मी खरे बोलत होते.

पुढे जयसिंगरावांना कळले की खोल्यांपेक्षा दुसऱ्याच गोष्टीला गिऱ्हाईक जास्त आहे. मला पुसून 'व्यसनमुक्ती केंद्र' लिहिले. लोकांची रीघ लागली. मग 'नैराश्य', 'निद्रानाश', 'मोबाईलचे वेड' अशा ओळी वाढल्या. खाली लाल अक्षरांत आले, 'तज्ज्ञ डॉक्टर चोवीस तास'. आत मात्र खोल्या त्याच राहिल्या, फक्त कड्या बाहेरून लागल्या. डॉक्टर कधी आलाच नाही. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, तशी माझी गत झाली.

एकदा साधना नावाची बाई नवऱ्याला, रोहिदासला, घेऊन आली. बरोबर सासरे साहेबराव होते. रात्रपाळ्या करून रोहिदासची झोप उडाली होती. कंपनीतून डबा तसाच परत आणायचा, जगून काय करायचे म्हणायचा. साहेबरावांनी माझ्याखाली थांबून सुनेला हळूच बजावले, "दारू पितो म्हणून सांग. डोक्याचं नाव काढलंस तर करिष्माला स्थळ यायचं नाही." करिष्मा त्यांची धाकटी लेक.

"मामा, त्यांनी कधी थेंब घेतला नाही."

"दारूला कोण नावं ठेवत नाही, पोरी. वेडाला ठेवत्यात."

साधनाने वर पाहिले, डॉक्टरची ओळ पुन्हा वाचली आणि गप्प राहिली. ती माझ्या भरवशावर गप्प राहिली, हे मला अजून सलते.

पुढे भेटीच्या दिवशी साधना आणि साहेबराव आले, तेव्हा रोहिदासला फाटकापर्यंत आणले. रोज सकाळी अंगणात सगळ्यांसमोर उभे करून त्याच्याकडून 'मी दारुडा आहे' असे वदवून घेत होते. तो खालमानेने म्हणाला, "साधना, मी पीत असंन बहुतेक. सगळे म्हणत्यात तर असंन."

आजारी माणसाला धीर द्यायचा, की न केलेला गुन्हा त्याच्या गळ्यात मारायचा? माझा पत्रा नुसता तापला.

साधनाने जयसिंगरावांना विचारले, "डॉक्टर कुठं हाय? पाटीवर लिवलंय."

"वहिनी, पाटी पेंटरनं लिवली. मी कुठं म्हणलो?"

साधनाने फाटकाची कडी स्वतः काढली. भेटीला आलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "माझा नवरा दारू पीत नाही. त्यांचं मन आजारी हाय. मी त्यांना सरकारी दवाखान्यात मनाच्या डॉक्टरकडं नेणार." साहेबरावांनी लेकाची पिशवी उचलली आणि तेही त्या दोघांच्या मागोमाग बाहेर पडले.

मित्रांनो, मन आजारी पडते. त्या आजाराचे खरे नाव घ्यायला लाजू नका. आणि पाटी वाचून कुणाला आत सोडू नका, आधी डॉक्टर डोळ्यांनी बघा. इतर जुन्या वस्तू तुम्हाला विनवतात, आम्हाला जपा. मी तसे म्हणणार नाही. काल धोंडीबा शिडी लावून माझ्यावर नवी ओळ लिहून गेला, 'लहान मुलांनाही दाखल करून घेतो'. ती कुणाच्या आईने वाचायच्या आत मला खाली उतरवा.