मास्तरांच्या खुंटीवरची कात्री

मित्रांनो, मी एक जुनी कात्री आहे. माझी पाती पोलादाची, आणि वजन असं की लहान मुलाला दोन्ही हातांनी उचलावी लागेल. लोहाराने मला घडवलं, पण माझी मूठ गुळगुळीत केली ती शिलाईच्या कारखान्यातल्या मास्तरांनी. खिडकीजवळच्या खुंटीवर माझी जागा. मी ज्याच्या हाती, तो मुख्य बेतणारा, अशी तिथली रीत.

मास्तर थकले, तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता मी काकूंकडे जाणार. एकोणीस वर्षं त्या मास्तरांच्या शेजारी कापड बेतत होत्या. कापण्याआधी क्षणभर डोळे मिटायच्या, मग हात कधी चुकायचा नाही. पण मालकांनी मला आपल्या भाचीला दिलं.

"घरचं माणूस आहे, शिकेल हळूहळू," ते म्हणाले.

"शिकेल की. आम्ही बाहेरचे शिकलोच ना," काकू म्हणाल्या आणि निमूट काजं करायला बसल्या.

भाची मनाने गोड होती. पण ती मला घेऊन कागद कापायची, सुतळी कापायची. त्याने माझी धार जाते, हे मालकांच्या भाचीला सांगणार कोण?

मग नाट्यगृहाच्या पडद्यासाठी मखमल आली. मखमलीची लव एकाच दिशेला ठेवायची असते, नाहीतर रंग वेगवेगळा दिसतो. भाचीने कापड वाचावं म्हणून निम्मे पट्टे उलटे कापले. टाचून पाहिलं तर काही गडद, काही फिकट. पडदा परवा द्यायचा होता आणि तसली मखमल आता मिळणार नव्हती. भाची रडकुंडीला आली.

काकू उठल्या. हात फिरवून त्यांनी एकेक पट्टा निवडला. एक गडद, एक फिकट, असे ओळीने जोडले. पडदा देखणा झाला.

"माझ्या भाचीची कल्पना बरं का," मालक पडदा बघायला आलेल्या पाहुण्यांना कौतुकाने सांगू लागले.

भाची लाल झाली. "नाही मामा. मी बिघडवला, काकूंनी सावरला. मी घरची म्हणून इथे मला कुणी चूक दाखवतच नाही. मग मी शिकू कशी?" तिने मला काकूंपुढे धरलं.

मालकांनी जवळ जाऊन पडद्याचे जोड निरखले. मग हळूच म्हणाले, "घ्या काकू. उशीर केला मी."

काकूंनी माझ्या पात्यावरून अंगठा फिरवला. "अगंबाई, पार बोथट केलीस की हिला. जा, धार लावून आण. आणि उद्यापासून माझ्या शेजारी उभी राहा."

मित्रांनो, आता भाची रोज मला पुसून खुंटीवर ठेवते. तुमच्याही घरी एखादी कात्री असेल. तिला कागदापासून जपा. आणि कुणाच्या हाती द्यायची वेळ आली, तर नातं विचारू नका. हात बघा.