खांब नंबर एकशे अठरा

साल एकोणीसशे त्र्याहत्तर. माझी इतर सालं हल्ली एकमेकांत मिसळतात, पण हे नाही. त्या वर्षी आमच्या गावातल्या विजेच्या सगळ्या खांबांना नवे नंबर पडले आणि ते सगळेच्या सगळे आमच्या ह्यांनी स्वतःच्या हातानं रंगवले.

हे पाट्या रंगवायचे. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, गाड्यांच्या मागच्या. घराच्या पुढच्या खोलीत कामाची जागा होती. पाहुणे आले की आधी नाक धरायचे, मग बसायचे. मला टर्पेंटाइनचा वास इतका अंगवळणी पडला होता की माहेरी गेले की काहीतरी चुकल्यासारखं व्हायचं.

गावात दर वर्षी एक शर्यत व्हायची. नगरपालिकेच्या चौकातून निघायचं, मोठ्या रस्त्यानं पाच किलोमीटर जायचं, नियमात लिहिलेल्या ‘खांब नंबर एकशे अठरा’ला वळसा घालायचा आणि परत यायचं. जो एका तासाच्या आत येईल त्याचं नाव नगरपालिकेच्या सभागृहातल्या लांबलचक लाकडी फळीवर रंगवलं जायचं. प्रत्येक वर्षाचा एक रकाना, रकान्यात पंधरा नावांची जागा. बारा-तेराच्या वर नावं कधी गेली नव्हती.

ती नावं हेच रंगवायचे. आणि हे स्वतः दहा वर्षं धावत होते, पण एकदाही तासाच्या आत आले नव्हते. एक तास चार मिनिटं, एक तास पाच. फार तर एक तास दोन. म्हणजे धाप लागून घरी यायचं, पाय कोमट पाण्यात बुडवायचे आणि दुसऱ्या दिवशी फळी समोर घेऊन दुसऱ्यांची नावं सुंदर अक्षरांत काढायची. पोस्टमनचं नाव तर ह्यांनी दहा वेळा काढलं होतं. पहिला यायचा तोच.

घरात माझी थोरली नणंद होती. दवाखान्यात नर्स. छातीवर उलटं टांगलेलं, नाडी मोजायचं घड्याळ असायचं. गावात सेकंदाचा काटा चालू असलेलं तेवढं एकच घड्याळ, म्हणून शर्यतीची वेळ वन्संच घ्यायच्या. भावाला त्यांनी दहा वर्षांत एक सेकंद सूट दिली नाही.

त्या वर्षी शर्यतीच्या आठवडाभर आधी त्या जेवताना म्हणाल्या, “अरे, चाळिशी आली तुझी. किती वर्षं आम्ही चौकात तुझी वाट बघायची? मागच्या वर्षी मांडववाल्यानं माझ्या बुडाखालची खुर्ची काढून नेली.”

“या वर्षी येतो तासात.”

“आणि नाही आलास तर?”

“तर हे शेवटचं. बूट तुमच्या दवाखान्यातल्या शिपायाला देऊन टाका.”

“त्याचा पाय मोठा आहे. पण बघते.”

हे हसले, पण मला ठाऊक होतं, माणूस खरं बोलला. शर्यतीच्या आदल्या दिवशी मी पुढच्या खोलीत झाडायला गेले तर फळी सभागृहातून आणून भिंतीला टेकवून ठेवलेली. नव्या रकान्यात खडूच्या रेघा मारून झाल्या होत्या. बाराव्या आणि तेराव्या रेघेच्या मधे ह्यांनी बारीक पट्टीनं मापून सात खुणा केल्या होत्या. ह्यांच्या नावात सात अक्षरं. मी झाडू घेऊन तशीच बाहेर आले.

माझं काम वळणावर असायचं. टेबल, पाण्याची पिंपं, पेले आणि नगरपालिकेचा एक रबरी शिक्का. कुणी अर्ध्यातून मागे फिरू नये म्हणून प्रत्येकाच्या मनगटावर शिक्का मारायचा. नगरपालिकेनं या कामासाठी आवक विभागाचा जुना शिक्का दिला होता, त्यावर ‘मिळाले’ असं लिहिलेलं. दर वर्षी चाळीस-पंचेचाळीस माणसं घामाघूम होऊन यायची आणि हातावर ‘मिळाले’ घेऊन परत जायची.

टेम्पोवाल्यानं मला खांबाशी उतरवलं. “हा बघा वहिनी, एकशे अठरा. आता कसा लांबून वाचता येतो. भाऊंचा हात लागलाय.” टेबल उतरवलं, खुर्ची मांडली आणि तो गेला.

मी बसले आणि ऊन लागायला लागलं. दहा वर्षं त्या जागी मला ऊन लागलं नव्हतं, कारण शेजारीच दूध संकलनाची पत्र्याची शेड होती. आता शेड कुठं गेली म्हणून बघते, तर ती पुढे, रस्त्याच्या कडेला, चांगली अर्धा किलोमीटर लांब. शेडला काही पाय फुटत नाहीत. मी खांब मोजले. दहा.

मग डोक्यात उजेड पडला. त्या वर्षी वीजघर ओढ्यापलीकडे हलवलं होतं. तिथून गावापर्यंत दहा नवे खांब आले, मोजणी तिथून सुरू झाली आणि पुढच्या प्रत्येक खांबाचा नंबर दहानं वाढला. कालचा एकशे आठ आज एकशे अठरा झाला होता. दोन महिने रोज हे शिडी घेऊन या खांबांवर चढत होते आणि ज्या नंबराला दहा वर्षं वळसा घातला तो नंबर भलत्याच खांबावर घालून खाली उतरले होते. लोकांना हे खरं वाटणार नाही, मला लगेच वाटलं. रंगवणारा माणूस आकडा वाचत नाही, आकडा काढतो. ह्यांनी एकदा एका डॉक्टरांच्या पाटीवर तीन दिवस काम केलं आणि डॉक्टर कशाचे ते विचारल्यावर ह्यांना सांगता आलं नव्हतं.

शर्यत सुटायला अजून वेळ होता. टेबल उचलायचं आणि शेडपाशी नेऊन ठेवायचं, एवढंच होतं. दोन खेपा झाल्या असत्या. मी उठलेसुद्धा. टेबलाच्या कडेला हात लावला. आणि मग मला त्या खडूच्या सात खुणा दिसायला लागल्या.

मी परत बसले. पदर डोक्यावर घेतला.

पोस्टमन सतराव्या मिनिटाला आला. रोज या रस्त्यानं सायकलवर जाणारा माणूस. मनगट पुढे केलं आणि जागच्या जागी पाय हलवत म्हणाला, “वहिनी, आज तुम्ही अलीकडे बसलाय, का मीच लवकर आलोय?”

“तुम्ही लवकर आलात, भाऊजी.”

त्याचा चेहरा असा फुलला की विचारू नका. “तरी म्हटलं,” म्हणाला आणि पळाला. पुढे कुणी विचारलंच नाही. हे आले तेव्हा तोंडातून शब्द फुटत नव्हता. मी शिक्का मारला, पाणी दिलं. ह्यांनी खांबाकडे मान वर करून पाहिलं नाही. स्वतःचं काम कोण बघतं?

परतल्यावर कळलं, हे सत्तावन्न मिनिटं पन्नास सेकंदांत आले. चव्वेचाळीस जण धावले, एक्केचाळीस तासाच्या आत. राहिलेल्या तिघांपैकी एकाचा पाय मुरगळला होता आणि दोघं वाटेत चहाला थांबले होते. नगराध्यक्ष, ज्यांचं पोट त्यांच्या आधी चौकात पोचायचं, ते एकोणसाठ मिनिटं एक्कावन्न सेकंदांत आले आणि वन्संच्या समोरच खाली बसले.

वन्संनी म्हणे घड्याळ झटकलं, कानाला लावलं आणि लिहीत गेल्या. भावाच्या नावापुढे, वेळेच्या आधी, पेन टेकून राहिल्याचा शाईचा ठिपका मी नंतर यादीत पाहिला.

आणि मग चौकात जे ऐकलं ते मी कधी विसरणार नाही. एक म्हणाला, विडी सोडल्याचा परिणाम. दुसरा म्हणाला, बूट. तिसरा म्हणाला, जाताना वारा पाठीवर होता. चौथ्यानं तर येतानाही पाठीवर होता असं सांगितलं आणि सगळ्यांनी मान हलवली. एक्केचाळीस माणसांत एकालाही असं वाटलं नाही की शेजारचाही आज कसा काय सुधारला. नगराध्यक्षांनी भाषण केलं. जिद्द हा शब्द नऊ वेळा आला.

दुसऱ्या दिवशी हे फळीसमोर बसले. सुरुवातीला शीळ घालत होते. पंधरांच्या जागेत एक्केचाळीस नावं बसवायची म्हणून जुन्या रेघा पुसल्या, नव्या मारल्या, अक्षरं बारीक केली. हळूहळू शीळ थांबली. बऱ्याच वेळानं हाक आली.

“अगं, चव्वेचाळीसपैकी एक्केचाळीस?”

“हो ना.”

“एवढी माणसं एका वर्षात सुधारत नाहीत.”

सायकल काढून गेले. तासाभरानं आले तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. दारातच उभे राहिले.

“तू शेडपाशी बसली होतीस?”

“नाही.”

“कधी कळलं तुला?”

“बसल्यावर.”

“मग?”

“टेबल जड होतं.”

“ते टेबल मी केलंय,” हे म्हणाले. “पाटीच्या उरलेल्या पातळ फळीचं आहे.” एवढंच. पुढचे दोन दिवस आमच्यात ‘पाणी’ आणि ‘दार लाव’ यापलीकडे बोलणं झालं नाही.

हे नगराध्यक्षांकडे गेले. सगळं सांगितलं. नगराध्यक्षांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“नियमात काय लिहिलंय?”

“खांब नंबर एकशे अठरा.”

“आपण कुठल्या खांबाला वळलो?”

“एकशे अठराला. पण साहेब...”

“नंबर तुम्हीच घातलात ना? चुकीचा घातलात का?”

“नाही. वीज कार्यालयाच्या यादीप्रमाणे बरोबर आहे.”

“मग यादी बरोबर, नंबर बरोबर, नियम बरोबर. चूक कुठाय?”

“निदान माझं नाव तरी गाळा.”

“अहो पेंटर, तुमचं गाळलं तर लोक विचारतील का गाळलं. मग माझं गाळावं लागेल. माझ्या सुनेनं माहेरी पत्र टाकलंय.”

असं ह्यांचं नाव फळीवर लागलं. एवढी वाईट अक्षरं ह्यांनी जन्मात काढली नव्हती. सभागृहात ज्यानं त्यानं आपापलं नाव शोधलं, आणि एकानं ह्यांच्या नावाकडे बोट दाखवून विचारलं, “हे कुणी नवशिक्यानं काढलं का?”

मला वाटलं, आता बूट गेले. वन्संनाही वाटलं. “झालं ना तुझं नाव? शिपायाला सांगू का?” त्यांनी विचारलं.

“नाही झालं,” हे म्हणाले आणि शेडपर्यंतच्या रस्त्याची गोष्ट त्यांना सांगितली. माझा भाग गाळून सांगितली. वन्सं माझ्याकडे बघून म्हणाल्या, “माझं घड्याळ चुकत नाही. म्हणजे रस्ताच चुकला असणार, हे मला चौकातच कळलं होतं.” मग तुम्ही का नाही बोललात, असं मी विचारलं नाही. त्यांनीही मला काही विचारलं नाही.

पुढच्या वर्षी शर्यत नव्या एकशे अठरालाच वळली आणि हे वळले नाहीत. सरळ पुढे शेडपर्यंत गेले, जुन्या खांबाला हात लावला आणि परतले. त्या खांबाचा नंबर आता एकशे अठ्ठावीस होता. लोक म्हणाले, पेंटरला रस्ता कळला नाही. त्याच्या पुढच्या वर्षी म्हणाले, पेंटरला टर्पेंटाइन चढलं.

मी शिक्का नगराध्यक्षांच्या मंडळींच्या हवाली केला. त्यांना तो मारायची फार हौस. टेम्पोवाला माझं टेबल नियमाप्रमाणे एकशे अठराला उतरवायचा. तिथून शेडपर्यंत मी ते स्वतः उचलून न्यायचे. दहा खांब. प्रत्येक खांबाशी थोडं टेकवायचं, हात बदलायचा. ह्यांनी पहिल्या वर्षी मला तिथं बघितलं, पाणी प्यायले आणि म्हणाले, “जमलं की उचलायला.” मला तेवढं पुरलं.

चार वर्षं तसंच चाललं. रोज पहाटे हे शेडपर्यंत जाऊन यायचे. सत्याहत्तर साली पहिल्या तिघांना बक्षिसं देऊन झाली तसा चौक रिकामा झाला, मांडववाल्यानं खुर्च्या नेल्या, नगराध्यक्ष घरी जेवायला गेले, आणि वन्सं घड्याळ हातात घेऊन उभ्या राहिल्या, शेजारी टेम्पोनं परतलेली मी. हे आले. एकोणसाठ मिनिटं सत्तेचाळीस सेकंद.

“परत बघा,” हे म्हणाले.

“मी दोनदा बघत नाही,” वन्सं म्हणाल्या आणि त्यांनी ह्यांची नाडी धरली. मोजायची म्हणून धरली, पण बराच वेळ सोडली नाही.

फळीवर नाव लागायचा प्रश्नच नव्हता. एका वर्षात एक्केचाळीस नावं आल्यावर फळी दोन वर्षांतच भरली आणि नगरपालिकेनं ती पद्धतच बंद केली. हे दुसऱ्या दिवशी शिडी आणि काळ्या रंगाचा डबा घेऊन गेले. एकशे अठ्ठावीसच्या खाली लहान, देखण्या आकड्यांत ‘५९–४७’ एवढंच घालून आले. नाव घातलं नाही. बूट त्याच संध्याकाळी दवाखान्यात पोचले. शिपायाला लहान झाले.

नगराध्यक्ष पुढे दोनदा निवडून आले आणि दोन्ही वेळा पत्रकावर आपली एकोणसाठ मिनिटं छापली. पोस्टमन बदली होऊन दुसऱ्या गावी गेला. तिथल्या खऱ्या दहा किलोमीटरच्या शर्यतीत त्याला सदतीस मिनिटं लागली आणि हवा मानवत नाही म्हणून त्यानं धावणं सोडलं. वन्सं निवृत्त झाल्या तेव्हा ते घड्याळ त्यांनी भावाला दिलं. त्या वारल्या त्या दिवशी ह्यांनी त्याला किल्ली दिली नाही. हे आणखी अठरा वर्षं पाट्या रंगवत होते. हात थरथरायला लागला तेव्हा आपणहून थांबले, आणि दोन हजार सहा साली गेले.

शर्यत अजून होते. अजून दहा किलोमीटरची म्हणवते आणि अजून नऊच आहे.

खांब मधल्या काळात बदलले, सिमेंटचे आले. मी मुलाबरोबर गाडीतून त्या रस्त्यानं गेले तेव्हा शेडपाशी थांबायला सांगितलं. नव्या खांबावर नवा १२८ होता आणि त्याच्याखाली ५९–४७. वीज कार्यालयाला वाटलं असणार, हाही त्यांचाच कसला तरी नंबर आहे. जुन्यावरून नव्यावर उतरवून घेतला. दर वेळी रंगवतात म्हणे. अक्षर मात्र काही खास नाही.

टेबल माझ्या खोलीत आहे. औषधं ठेवते त्यावर. परवा सून म्हणाली, आई, खिडकीपाशी सरकवू का, आणि तिनं ते एका हातानं उचललं.